मागच्या आसनाचा इतिहास : परवडणारी बॉबर आणि तिची खरी किंमत

१/
मोटरसायकलच्या दुकानात अलीकडे एक वेगळ्याच घाटाची गाडी दिसू लागली आहे. आसन बुटके, हँडल रुंद आणि उंच, मागचे मडगार्ड आखूड. मागे बसायला जागा नसते, किंवा असलीच तर ती पाना घेऊन काढून ठेवता येते. या घाटाला बॉबर म्हणतात. दोन-सव्वादोन लाखांच्या आसपास ती मिळते आणि तरुणांची नजर तिच्यावरून हलत नाही.

२/
प्रश्न असा, की ज्या देशात दुचाकी आधी घराची आणि मग स्वाराची असते, तिथे एकट्याने चालवायची गाडी आली कशी? तिने काय दिले आणि काय काढून घेतले? या धाग्यात आपण वाळूजपासून निघू, अमेरिका आणि प्राग पाहू, आणि मुंबई-गोव्यामार्गे परत येऊ. धागा मोठा आहे, पण शेवटपर्यंत एकाच वस्तूवर लक्ष ठेवायचे आहे : मागचे आसन.

३/
प्रारंभ छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादपासून. शहराबाहेर पुण्याच्या रस्त्यावर वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. बजाज ऑटोच्या तेथील कारखान्याचे उद्घाटन नोव्हेंबर १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. लेणी, दरवाजे आणि हिमरू यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराला वाहननिर्मितीचे शहर ही दुसरी ओळख मिळाली, तिच्यामागे हा कारखाना आहे.

४/
तो काळ भारतीय दुचाकीच्या स्थित्यंतराचा होता. तोवर मोटरसायकल म्हणजे बुलेट, राजदूत, येझदी. आणि कुटुंबाचे वाहन म्हणजे स्कूटर. १९८४ ते १९८६ या अवघ्या तीन वर्षांत जपानी सहकार्याने बनलेल्या १०० सीसीच्या गाड्या एकामागून एक आल्या : इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज केबी १००. हलक्या, पेट्रोल बेताने पिणाऱ्या, एका किकमध्ये सुरू होणाऱ्या.

५/
१९९१ मध्ये बजाजची चार-स्ट्रोकची ४एस चॅम्पियन आली. १९९८ मध्ये वाळूजच्या कारखान्यातून कॅलिबर बाहेर पडली आणि वर्षभरात तिच्या एक लाख गाड्या विकल्या गेल्याचे कंपनीने नोंदवले आहे. या पिढीच्या गाड्यांकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावे ते त्यांच्या इंजिनासाठी नव्हे, तर त्यांच्या सीटसाठी. ती लांब, सपाट आणि सलग होती. स्कूटरची कौटुंबिक जबाबदारी मोटरसायकलने उचलली, ती या सीटच्या बळावर.

६/
त्या सीटवर काय काय बसले नाही? शाळेला जाणारी दोन मुले, दवाखान्यात न्यायची आई, बाजाराच्या पिशव्या, दुधाची किटली, चाऱ्याचा भारा. गंगापूर, पैठण, फुलंब्रीकडच्या गावांतून वाळूजच्या पाळीला येणारा कामगार शेजारच्या सोबत्याला डबल सीट घेई आणि पेट्रोलचा खर्च वाटून घेई. कायद्याने चालकामागे एकाच माणसाला परवानगी आहे. ‘ट्रिपल सीट’ हा शब्द मराठीत इतका रुळला, यावरून व्यवहार काय होता ते कळते.

७/
कायद्यानेही या मागच्या माणसाची दखल घेतली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो, की मागे बसण्याची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे, जेणेकरून मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो.

८/
हा नियम लक्षात ठेवा. मागचे चाक झाका, कारण मागे कुणीतरी बसले आहे, हा भारतीय मोटरसायकलच्या रचनेचा पाया आहे. बॉबरचा जन्म याच्या अगदी उलट कृतीतून झाला. तिच्या जन्मदात्यांनी मागच्या चाकावरचे मडगार्ड कापून टाकले. ते का कापले, हे पाहण्यासाठी आता १९३० च्या दशकातील अमेरिकेत जाऊ.

९/
‘बॉब’ म्हणजे आखूड करणे. घोड्याची शेपटी कापण्यासाठी हा शब्द इंग्रजीत पूर्वीपासून होता. जागतिक मंदीच्या काळात अमेरिकन मोटरसायकल संघटनेने ‘क्लास सी’ नावाचा शर्यतींचा प्रकार सुरू केला. त्यात खास शर्यतीसाठी घडवलेली महागडी यंत्रे चालत नसत. बाजारात मिळणारी साधी गाडीच उतरवावी लागे. कित्येक स्वार गाडी चालवतच मैदानावर येत, दिवे आणि पुढचे मडगार्ड उतरवत, शर्यत करत आणि त्याच गाडीवर घरी जात.

१०/
दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसनने लष्करासाठी डब्ल्यूएलए या ७४० सीसीच्या गाड्या नव्वद हजारांच्या आसपास बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील अनेक गाड्या स्वस्तात नागरी बाजारात आल्या. घरी परतलेल्या तरुण सैनिकांनी त्या घेतल्या आणि वजनदार वाटेल ते काढून टाकले : पुढचे मडगार्ड, सामानाच्या पेट्या, मागच्या मडगार्डाचा शेवटचा तुकडा. या कामाला ‘बॉब-जॉब’ म्हणत.

११/
या गाड्यांचे अर्थशास्त्र ध्यानात घेण्यासारखे आहे. बॉबर हा गरिबाचा वेग होता. नवा भाग विकत घ्यायला पैसे लागतात, जुना भाग काढायला करवत आणि एक दुपार पुरते. वजन घटे, गाडी चपळ होई आणि खिशातून फारसे काही जात नसे. मागचे आसन गेले, तर त्याचेही दुःख नव्हते : स्वार तरुण होता, बहुधा एकटा होता, आणि कुटुंबासाठी त्या देशात मोटार होती.

१२/
याच सुमारास युरोपात एक उलट घटना घडत होती. चेकोस्लोव्हाकियात १९२९ पासून जावा मोटरसायकली बनत असत. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ झाले. जर्मन ताब्याच्या वर्षांत तिथल्या अभियंत्यांनी चोरून एक नवी २५० सीसीची गाडी विकसित केली. १९४६ मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली. तिचे वैशिष्ट्य हे, की तिच्या मागच्या चाकाला स्प्रिंग होती.

१३/
तोवर बहुतेक मोटरसायकलींचे मागचे चाक थेट सांगाड्याला जखडलेले असे आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का पाठीच्या कण्यात जाई. नव्या जावाला लोकांनी ‘पेराक’ म्हटले. चेक भाषेत ‘पेरो’ म्हणजे स्प्रिंग. ताब्यातील प्रागमध्ये भिंतींवरून उड्या मारत पसार होणाऱ्या एका ‘स्प्रिंगवाल्या माणसा’ची दंतकथा पसरली होती, तिचेही नाव पेराकच. थोडक्यात, पेराक हे नाव स्वाराला मिळालेल्या आरामाचे नाव होते.

१४/
पुढे तंत्र सुधारले आणि सगळ्याच गाड्यांना मागे स्प्रिंग आली. पण जुन्या, बिनस्प्रिंगच्या सांगाड्याची ती सरळ उतरती रेषा काहींच्या डोळ्यांत बसली होती. १९८४ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने ‘सॉफ्टेल’ आणली. तिच्या मागे शॉकअप होते, पण दिसणार नाही असे खाली दडवलेले. गैरसोयीचे रूप विकत मिळू लागले आणि सोय तिच्या पोटात लपवली गेली. आजच्या प्रत्येक कंपनीनिर्मित बॉबरची ही खरी पूर्वज.

१५/
आता परत महाराष्ट्रात. जानेवारी २००१ मध्ये बजाजने कावासाकीची एलिमिनेटर भारतात आणली. १७५ सीसी, बुटके आसन, लांब चाल, पाय पुढे सोडून बसायची पद्धत. १०० सीसीच्या बाजारात ती महाग ठरली. २००५ मध्ये त्याच घाटात पल्सरचे १८० सीसीचे इंजिन बसवून कंपनीने अ‍ॅव्हेंजर काढली आणि किंमत बरीच खाली आणली. पुढे ती २०० आणि २२० सीसीची झाली.

१६/
अ‍ॅव्हेंजर बॉबर नव्हे, ती क्रूझर. पण सामान्य मिळकतीच्या तरुणाला ऐटीत, जमिनीलगत बसून गाडी हाकण्याची चव तिने लावली. आणि तिने केलेली तडजोड पाहा : मागचे आसन तिने कापले नाही. उलट ते रुंद केले आणि मागे टेकायला पाठ दिली. ऐट स्वाराची, पण जागा दोघांची. घरच्यांना पटवता येईल अशी ती हौस होती, आणि कदाचित म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली.

१७/
खऱ्या अर्थाने परवडणारी बॉबर मुंबईत जाहीर झाली. रुस्तम इराणी यांच्या प्रयत्नांतून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनू लागली होती. तीच पुढे येझदी झाली आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजंड्स या कंपनीने ते नाव पुन्हा उभे केले. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईत नव्या गाड्या दाखवण्यात आल्या, त्यांत एकाच आसनाची काळी पेराक होती. वर्षभराने ती सुमारे १.९५ लाखांना विक्रीस आली.

१८/
ही ३३४ सीसीची गाडी देखणी होती, यात वाद नाही. तोवर परदेशी बॉबर म्हणजे ट्रायम्फची १२०० सीसीची गाडी, किंमत नऊ लाखांच्या वर. तिच्या पाचव्या हिश्शाहून थोड्या अधिक पैशांत तोच बाज मिळत होता. पण नावातला विरोधाभास इतिहासप्रेमींनी विसरू नये. १९४६ च्या पेराकला स्प्रिंगमुळे नाव मिळाले. २०१९ ची पेराक आपली स्प्रिंग आसनाखाली लपवते आणि स्प्रिंग नसल्याचा भास विकते.

१९/
‘मध्यम’ इंजिन म्हणजे नेमके किती, हे भारतात करानेही ठरवले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना २८ टक्के आणि त्यावरील गाड्यांना आणखी ३ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही रेघ फारच ठळक झाली : ३५० पर्यंत १८ टक्के, त्यावर ४० टक्के. परवडणाऱ्या बॉबर ३३४ आणि ३४९ सीसीच्या असणे किती सोयीचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

२०/
३४९ सीसीची गाडी म्हणजे रॉयल एनफिल्डची गोवन क्लासिक, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात बाजारात आलेली, तेव्हाची किंमत २.३५ लाखांपासून. गोव्याच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकापासून आलेल्या परदेशी भटक्यांनी बुलेट घेतल्या, हँडल उंच केली, नको ते काढले. तिथल्या गॅरेजांत ही शैली मुरली. त्या आठवणीला दिलेले हे कारखानी रूप. पांढऱ्या पट्ट्यांची चाके, उंच हँडल आणि काढून ठेवता येणारे मागचे आसन.

२१/
आता थोडे गणित. ही गाडी ज्या क्लासिक ३५० वर बेतली आहे, तिची किंमत त्याच वर्षी सुमारे दोन लाखांपासून सुरू होत होती. म्हणजे भाग कापलेली गाडी महाग. वजन? क्लासिक १९५ किलो, गोवन क्लासिक १९७ किलो. म्हणजे भाग कापलेली गाडी दोन किलोंनी जड! अमेरिकन सैनिकाने वजन आणि पैसा वाचवण्यासाठी जे केले, त्याचे रूप तेवढे उरले. हेतू दोन्ही बाजूंनी उलटला.

२२/
गोव्याच्याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गोव्यात पिवळ्या मडगार्डाच्या मोटरसायकलवर प्रवासी नेणारे ‘पायलट’ पिढ्यान्‌पिढ्या धंदा करत आले आहेत. बाजारातून, बसथांब्यावरून, धक्क्यावरून ते माणसे नेतात. त्यांचे पोट मागच्या आसनावर चालते. गोव्याचे नाव घेऊन आलेल्या गाडीने नेमके तेच आसन ऐच्छिक ठरवले. भटक्याची मोटरसायकल आणि पायलटची मोटरसायकल एकाच रस्त्यावर धावत होत्या. नाव मात्र एकीच्याच आठवणीला मिळाले.

२३/
मग आकर्षण सगळे फसवे का? अजिबात नाही. क्लासिकचे आसन जमिनीपासून ८०५ मिलिमीटरवर आहे, गोवन क्लासिकचे ७५० वर. पंचावन्न मिलिमीटर म्हणजे उभे राहताना टाचा टेकणे आणि न टेकणे यांतले अंतर. कमी उंचीच्या तरुणांना आणि विशेषतः मुलींना जड गाडीची भीती वाटते, ती बव्हंशी या अंतराची. अ‍ॅव्हेंजरने आधी हेच दार उघडले होते. बॉबरने ते मोठ्या इंजिनासाठी उघडले.

२४/
दुसरे कारण कायद्याचे. जुनी गाडी घेऊन स्वतः कापाकापी करणे भारतात सहज शक्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत. त्यामुळे बॉबर हवी तर ती कारखान्यातूनच तशी यावी लागते. अमेरिकेत करवतीने जे केले, ते इथे नोंदणी प्रमाणपत्रावर छापून यावे लागते.

२५/
आणि तडजोडी? आसन खाली आणले की मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. शॉकअपची चाल आखूड झाली की खड्ड्याचा हिशेब कंबर चुकता करते. शहरातून दौलताबाद, खुलताबादमार्गे वेरूळला जाणारा रस्ता जेमतेम तीस किलोमीटरचा; तेवढ्यात ही ऐट सुखाची वाटते. पण रोज वाळूजची पाळी, वाटेतले गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचा रस्ता यांचे गणित वेगळे. डब्याची पिशवी कुठे अडकवायची, हाही प्रश्न उरतोच.

२६/
तरी ही सगळी किरकोळ किंमत झाली. बॉबरची मोठी किंमत दुकानातल्या पाटीवर लिहिलेली नसते. ती म्हणजे घरातली दुसरी गाडी. मागे कुणी बसणार नाही असे वाहन तोच घेऊ शकतो, ज्याच्या घरी आईला दवाखान्यात न्यायला, बहिणीला बसस्थानकावर सोडायला दुसरे काहीतरी उभे आहे. दोन लाखांची बॉबर परवडते असे आपण म्हणतो, तेव्हा हे दुसरे वाहन आपण हिशेबात धरलेलेच नसते.

२७/
ज्या घरात ही पहिली आणि एकमेव गाडी असते, तिथे काय होते? मग मागचे आसन परत बसवले जाते आणि दोन माणसे एकाच्या जागेत अवघडून बसतात. मागे बसणारीची अडचण गाडी घेताना कुणी विचारलेली नसते, कारण गाडी निवडणारा पुढे बसणार असतो. वस्तूच्या घडणीत कुणाला जागा मिळाली आणि कुणाला नाही, हा सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे. तो किल्ल्यांच्या दरवाजांना विचारता येतो, तसा मोटरसायकलच्या सीटलाही.

२८/
म्हणून बॉबरकडे केवळ हौस म्हणून पाहू नये आणि तिला नावेही ठेवू नयेत. ती एक पुरावा आहे. १९८५ नंतर वाळूजसारख्या कारखान्यांनी घराघरात एक मोटरसायकल पोहोचवली, ती सर्वांची होती. पस्तीस-चाळीस वर्षांनी काही घरांत दुसरी, तिसरी गाडी आली, तेव्हा त्यांतली एक एकट्याची असू शकली. आजोबांच्या लांब सीटवर साठलेल्या सवडीतून नातवाचे छोटे आसन उगवले आहे.

२९/
बॉबर घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या. फक्त आधी घरातल्या त्या माणसाला विचारा, जो आजवर तुमच्या मागे बसत आला आहे.

आणि या धाग्याखाली एवढे लिहा : तुमच्या घरातली पहिली दुचाकी कोणती होती, कोणत्या साली आली, आणि तिच्यावर मागे कोण बसायचे? शेकडो घरांची अशी उत्तरे एकत्र आली, तर मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासाचे एक उत्तम साधन हाती येईल.

धागा समाप्त.